अकरा विरुद्ध दहा

पहाटे ५

आज बुधवार. सामना शुक्रवारी संध्याकाळी सातला, म्हणजे हाताशी दोनच प्रॅक्टिस. त्यातली गुरुवारची नुसती उजळणीची असते. जे काही शिकवायचं ते आजच.

मध्य न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवतो आणि शाळा सुटली की आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सहायक कोच असतो. माझ्याकडे पासचं संरक्षण आहे. क्वार्टरबॅकने चेंडू फेकेपर्यंत त्याच्या अंगावर कुणी पोचू नये, हे माझं काम. मैदानावरचं यापेक्षा जोखमीचं काम मला माहीत नाही, कारण क्वार्टरबॅकची नजर लांबवर असते आणि धक्का जवळून बसतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप आणि चहा. शुक्रवारच्या प्रतिस्पर्ध्यांचे मागचे सामने बघतोय. शाळा एकमेकींना व्हिडिओ देतात, तशी पद्धतच आहे. हा संघ ब्लिट्झवर जगतो. एरवी बचावातले चौघे क्वार्टरबॅकवर धावून जातात आणि सात जण मागे थांबून पास अडवतात. पाच किंवा जास्त धावून आले की तो ब्लिट्झ. हे लोक तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, समोर सात-आठ यार्ड बाकी असले की, सहा पाठवतात. कधी सातही. मागे राखणीला एकही सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, ठेवत नाहीत. धाडस आहे, आणि मुलंही चपळ आहेत.

व्हिडिओ मी चेंडूकडे बघत पाहत नाही. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे दिला जाण्याच्या, आधीचे चार-पाच सेकंद पुन्हा पुन्हा मागे-पुढे करतो. त्यांचा मधला लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागचा बचावपटू, येणार असला की डावा पाय अर्धा फूट मागे घेतो आणि टाच उचलतो. येणार नसला की पाय समांतर असतात. कडेचा बचावपटू, कॉर्नरबॅक, क्वार्टरबॅककडे न बघता समोरच्या रिसीव्हरच्या, म्हणजे पास घेणाऱ्याच्या, कमरेकडे बघत असला, तर प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिलेला आहे. सेफ्टी बारा यार्डांवरून हळूहळू आठवर सरकला, तर तो तरी येतोय किंवा जो येतोय त्याच्या माणसाला धरायला निघालाय. या खुणा मी वहीत लिहितो. मुलांना यातल्या दोनच सांगणार; तीन सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

मुद्दा असा की ब्लिट्झला उत्तर चेंडू हलायच्या आधी द्यायचं असतं. चेंडू हातात आल्यावर जेमतेम दोन-अडीच सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने नव्याने विचार करावा ही अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

सकाळी ६.४०

गाडीत आईचा फोन. साताऱ्यात दुपारचे चार वाजून गेलेले असतात, तिचा चहा झालेला असतो. खेळाचे नियम तिला ठाऊक नाहीत, पण प्रश्न नेहमी नेमका असतो. “त्या पोराला गेल्या वेळी फार मारलं म्हणालास. आता बरा आहे का?” बरा आहे म्हटलं. “मग यावेळी त्याच्यापुढे जास्त माणसं उभी करा.” अर्धं उत्तर तिने बरोबर दिलंय. उरलेलं अर्धं दुपारी मुलांसमोर मांडायचं आहे.

७.३० ते ११.३०

तास. नववीला एकघाती समीकरणं, अकरावीला फलन. वर्गात फुटबॉल नाही, हा माझा नियम आहे, आणि मुलंही तो पाळतात.

११.४०

जेवणाच्या सुटीत क्वार्टरबॅक आणि सेंटर सँडविच घेऊन माझ्या खोलीत येतात. सेंटर म्हणजे आक्रमणाच्या पाच लाइनमनपैकी मधला, चेंडू मागे देणारा. संरक्षणाची हाक तोच देतो. फळ्यावर मी दोनच आकडे लिहितो: ११ आणि १०.

दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू. पण आमच्या अकरांतला एक क्वार्टरबॅक आहे आणि तो कुणाला अडवू शकत नाही. म्हणजे आम्ही दहा, ते अकरा. आम्ही पाच जणांना पास घ्यायला पाठवलं तर त्यांचे पाच त्यांच्यामागे जातील आणि सहा जण आमच्या पाच लाइनमनवर येतील. एक मोकळा. बरं, रनिंग बॅकला, म्हणजे एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्याला, मागे ठेवला, अडवणारे सहा झाले. मग पास घेणारे चारच उरले, त्यांच्यासाठी त्यांना चारच लागतात, आणि रनिंग बॅकवर नेमलेला माणूस मोकळा होऊन तोही धावून येतो. सात विरुद्ध सहा. पुन्हा एक मोकळा. लाइनच्या टोकाचा टाइट एंडही मागे ठेवा, आठ विरुद्ध सात. आईचा उपाय करून बघितला तरी एक उरतोच.

“म्हणजे कोच, काहीही केलं तरी एक जण माझ्यावर येणारच?” क्वार्टरबॅक विचारतो.

त्यांनी ठरवलं, तर येणारच. तो कोण असावा एवढं मात्र आपण ठरवू शकतो. मधून येणाऱ्याला सर्वांत कमी अंतर कापावं लागतं, म्हणून तो कधीही मोकळा सोडायचा नाही. मोकळा सोडायचा तो सगळ्यांत बाहेरचा, लांबून वळसा घालून येणारा. आणि तो कोण आहे, हे स्नॅपच्या आधी तुला ठाऊक असलं पाहिजे. तो तुझा माणूस. त्याला तू अडवायचं नाहीस, त्याच्याआधी चेंडू सोडायचा.

सेंटर इतका वेळ गप्प होता. तो मार्कर उचलतो आणि स्लाइडचे बाण काढतो. आमची हाक ‘लकी’ म्हणजे सेंटर, त्याच्या शेजारचा डावा गार्ड आणि टोकाचा डावा टॅकल एकेक जागा डावीकडे सरकून धरतात. उजवीकडचे दोघे समोरचा माणूस घेतात आणि रनिंग बॅक त्यांच्या बाजूला उभा राहतो. ‘रिंगो’ म्हणजे हेच उजवीकडे. हाक चुकीच्या बाजूला गेली तर इकडे तिघे हवेला अडवत बसतात आणि तिकडे चौघे तिघांवर तुटून पडतात. “त्यांचा मधला टाच उचलतो ती बाजू बघायची?” तो विचारतो. हो. आणि सेफ्टी ज्या बाजूला उतरलाय ती. या मुलाला बीजगणितात बेताचे गुण पडतात, पण फळ्यासमोर तो क्षणात मोजतो, आणि ते बघून मला फार आनंद होतो.

उरलेल्या दहा मिनिटांत मी त्यांना १९८५ सांगतो. शिकागो बेअर्सचा त्या वर्षीचा बचाव आजही सगळ्यांत भयंकर मानला जातो. त्यांच्या बचावाचे कोच बडी रायन यांची ‘४६’ रचना: आठ जण पुढे आणून ठेवायचे, सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्या नेमकं डोक्यावर एकेक माणूस उभा करायचा, म्हणजे कुणाला कुणाची मदत मिळणार नाही. बारा सामने ते हरले नव्हते. २ डिसेंबरला, सोमवारी रात्री मायामीत तिथल्या संघाचे कोच डॉन शूला यांनी तीन रिसीव्हर उतरवले आणि नॅट मूरला स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला, उभं केलं. बेअर्सनी आपली रचना फारशी सोडली नाही. त्यामुळे मूरच्या समोर कॉर्नरबॅक उरला नाही. लाइनबॅकरला किंवा सेफ्टीला त्याच्यामागे धावावं लागलं. आणि फेकणारा होता डॅन मॅरिनो, ज्याच्या हातातून चेंडू बघता बघता सुटायचा. मायामी ३८, शिकागो २४. त्या मोसमातला बेअर्सचा हा एकमेव पराभव; पुढे सुपर बोल त्यांनी ४६-१० असा जिंकला.

मायामीच्या लाइनमननी त्या रात्री बेअर्सना ढकलून मैदानाबाहेर काढलं नव्हतं. बेअर्स येत होते, आणि येतानाच त्यांनी मागे जी जागा सोडली तिथे चेंडू पडत होता.

२.४०

ट्रेनिंग रूम. घोट्यांना पट्ट्या बांधून घेणाऱ्यांची रांग. क्वार्टरबॅक शर्ट वर करतो. उजव्या बरगडीखाली गेल्या शुक्रवारचा काळानिळा डाग आता कडेने पिवळा पडलाय. ट्रेनर बाई दोन बोटांनी दाबून बघतात, त्याला खोल श्वास घ्यायला लावतात, हात डोक्यावरून फिरवायला लावतात आणि पॅड लावून खेळायला परवानगी देतात. मी शेजारी उभा राहून सगळं बघतो. आक्रमणाची चर्चा करताना हा डाग डोळ्यांसमोर असावा, असं मला वाटतं.

३.१५

मैदानावर आधी कचऱ्याचे मोठे प्लॅस्टिक डबे येतात. नऊ डबे, प्रत्येकावर चिकटपट्टीने आकडा. हे शुक्रवारचे प्रतिस्पर्धी. मी डबे मांडतो, सेंटर हाक देतो, पाचही जण आपापल्या डब्याकडे बोट दाखवतात, रनिंग बॅक आपला डबा सांगतो आणि शेवटी क्वार्टरबॅक मोठ्याने मोकळ्या डब्याचा आकडा बोलतो. मग चालत पहिली दोन पावलं. धावणं नाही, धडक नाही. डबे हलवायचे, पुन्हा हाक.

बाहेरून बघणाऱ्याला हे पोरखेळ वाटेल. पण न्यू जर्सीत २०१९ पासून हायस्कूल संघांना मोसमात आठवड्याला फक्त पंधरा मिनिटं पूर्ण धडकेची प्रॅक्टिस करता येते. देशातल्या अगदी कडक नियमांपैकी हा एक आहे आणि मला तो मनापासून पटतो. मुलांच्या डोक्याला बसणारे धक्के कमी होतात आणि कोचला डोकं वापरून शिकवावं लागतं. ब्लिट्झ अडवण्यात जिथे गफलत होते ती बहुतेक वेळा ताकदीची नसते. दोघे एकाच माणसाकडे जातात आणि तिसरा सुटतो. ही गफलत डब्यांपुढे चालत-चालतच दुरुस्त होते.

आज उजवा गार्ड बोट दाखवतो पण तोंडाने बोलत नाही. शुक्रवारी बँड वाजत असेल, लोक ओरडत असतील, शेजारच्याला तुझं बोट दिसणार नाही. पुन्हा. अजून मोठ्याने. पुन्हा.

३.५०

आता चेंडू. हॉट रूटचा सराव.

मी आणि दुसरा एक कोच लाइनबॅकरच्या जागी उभे राहतो. स्लॉट रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक दोघांनी आमच्याकडे बघायचं. दोघेही मागे हटलो तर ठरलेला लांबचा रूट. आमच्यापैकी कुणी पुढे झेपावला तर स्लॉटने लगेच आत वळायचं, त्या झेपावलेल्याने सोडलेल्या जागेत, आणि क्वार्टरबॅकने तिथे चेंडू टाकायचा. रिसीव्हर वळून पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. त्याचा खांदा फिरायला लागला की चेंडू सुटला पाहिजे. दोघांनी एकच गोष्ट एकाच क्षणी बघितली तरच हे जमतं. एकाने बघितली आणि दुसऱ्याने नाही, तर चेंडू मोकळ्या गवतावर पडतो किंवा त्याहून वाईट, त्यांच्या हातात.

यातला सापळाही शिकवावा लागतो. कोच डिक लेबो यांनी १९८० च्या दशकात सिनसिनाटीत झोन ब्लिट्झ विकसित केला: एका बाजूने लाइनबॅकर पाठवायचा आणि दुसरीकडचा धिप्पाड लाइनमन गुपचूप मागे घ्यायचा, नेमका त्या छोट्या पासच्या वाटेत. म्हणून मी अधूनमधून झेपावल्यासारखं करतो आणि दोन पावलांवर थांबतो. पहिल्यांदा चेंडू थेट माझ्या पोटावर येतो. दुसऱ्यांदा क्वार्टरबॅक हात आवरतो आणि पलीकडच्या, थोडं पळून मागे वळलेल्या रिसीव्हरकडे फेकतो. तिसऱ्यांदा त्याची मान मी थांबण्याआधीच वळलेली असते. छान. असंच.

४.२५

धडकेची मिनिटं. आठवड्याच्या कोट्यातला मोठा हिस्सा मी रनिंग बॅकसाठी राखून ठेवलाय.

ब्लिट्झमध्ये सर्वांत अवघड काम याचं असतं. पाच फूट आठ इंचाचा मुलगा आणि समोरून धावत येणारा लाइनबॅकर. नियम असा की नजर आतून बाहेर न्यायची, रस्ता ओलांडताना आपण आधी जवळची लेन बघतो तशी. आतून कुणी आला तर तो घ्यायचा. नाही आला तरच बाहेरच्याकडे. दुसरी गोष्ट, वाट बघत उभं राहायचं नाही. पुढे पाऊल टाकून त्याला लाइनच्या जवळच गाठायचं. क्वार्टरबॅकच्या मांडीवर गाठून उपयोग नाही. तिसरी, डोकं वर. नजर त्याच्या छातीच्या आकड्यावर, हात आत, कंबर खाली. डोकं खाली घातलेला एकही प्रयत्न मी मोजत नाही, मग त्याने माणूस अडवला तरी. मान त्याची स्वतःची आहे, आणि ती मोसमानंतरही त्याला लागणार आहे.

पहिल्या दोन वेळा तो बाजूला झुकतो. तिसऱ्यांदा पाऊल पुढे पडतं, पॅडचा खणखणीत आवाज येतो आणि लाइनबॅकर जागीच थांबतो. सगळी लाइन ओरडते. ओरडू दे. टीव्हीवर रनिंग बॅकचं हे काम क्वचितच दिसतं, म्हणून सोबत्यांनी तरी ते बघावं.

५.००

पूर्ण संघ, अकरा विरुद्ध अकरा, शील्ड घेऊन. स्काउट टीम, म्हणजे आमचीच राखीव मुलं, शुक्रवारच्या प्रतिस्पर्ध्यांचे ब्लिट्झ कार्डावर बघून खेळतात. दर वेळी तिसरा डाउन.

आधी स्क्रीन. लाइनमननी मनात दोन मोजेपर्यंत अडवायचं, मग समोरच्याला जाऊ द्यायचं आणि बाजूला पळायचं. रनिंग बॅकनेही आधी अडवल्याचं खरंखुरं दाखवायचं. धावून येणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो. तेवढ्यात चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि पुढे आमचे तीन लाइनमन विरुद्ध त्यांचा एखाद-दुसरा कॉर्नर. घाई झाली की स्क्रीन मरतो, आणि आमच्या डाव्या टॅकलला नेहमी घाई असते. आज तो एकदा थांबतो आणि वीस यार्डांची वाट उघडते. मग ड्रॉ: पासचा आव आणून चेंडू रनिंग बॅकच्या हातात, धावून आलेले शेजारून निघून जातात. मग क्वार्टरबॅकला ब्लिट्झच्या उलट्या बाजूला पळवत नेऊन पास. तिथे काही नसलं तर टॅकलच्या बाहेर पोचल्यावर चेंडू लाइनपलीकडे फेकून द्यायची मुभा हायस्कूलच्या नियमांत २०२२ पासून आहे; ती वापर, मार खाऊ नकोस.

दोन रिसीव्हर एकमेकांना चिकटून उभे करणं मला फार आवडतं. माणसागणिक राखण असली की त्यांचे दोघे एकमेकांत अडखळतात आणि एक रिसीव्हर सुटतो. शिवाय एका रिसीव्हरला आडवा पळवायचा. त्याच्यामागे कुणी पळत गेला तर माणसागणिक राखण आहे हे विचारायचीही गरज उरत नाही.

आज सर्वांत उपयोगी पडली ती खोटी टाळी. लवकर लाइनवर यायचं, घड्याळात पंधरा-सोळा सेकंद शिल्लक असताना. क्वार्टरबॅक चेंडू मागायची टाळी वाजवतो, पण चेंडू हलत नाही. स्काउट टीमचे लाइनबॅकर पुढे झुकतात, सेफ्टी उतरतो, सगळं उघडं पडतं. मग सेंटर हाक बदलतो आणि खरी टाळी. आमच्यातलाच कुणी हलला तर पाच यार्डांचा दंड, म्हणून लाइनमननी टाळीवर नाही, चेंडूवर लक्ष ठेवायचं. शेवटच्या सहा वेळांत कुणी हलत नाही.

रात्री ८.००

घरी जेवून हेड कोचशी व्हिडिओ कॉल. शुक्रवारचा कॉल-शीट, म्हणजे कधी काय खेळायचं याची यादी, ठरवायचा.

आमच्यात खरा मतभेद आहे. गेल्या शुक्रवारनंतर त्यांना आठ जण अडवायला ठेवायचे आहेत. क्वार्टरबॅकची काळजी त्यांना माझ्याइतकीच आहे. पण आठ ठेवले तर पास घेणारे दोनच उरतात, क्वार्टरबॅक चेंडू धरून बसतो, आणि दुपारी फळ्यावर बघितलेला जादा माणूस वळसा घालून पोचतोच. मी त्यांना १९८२ ची आठवण करून देतो. ३ जानेवारीच्या प्लेऑफमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श यांच्यापुढे जायंट्सचा लॉरेन्स टेलर होता, त्या मोसमात कुणालाही न आवरलेला. वॉल्शनी जास्त माणसं लावली नाहीत. गार्ड जॉन एअर्सला मागे घेऊन थेट त्याच्यासमोर आणलं. योग्य माणूस योग्य जागी. सॅन फ्रान्सिस्को ३८-२४ ने जिंकली. याच्या उलट चित्र नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसलं: मायामीने क्वार्टरबॅक लमार जॅक्सनच्या बाल्टिमोरसमोर पुन्हा पुन्हा मागचा सेफ्टी काढून घेऊन गर्दी पुढे आणली, बाल्टिमोरला रात्रभर चटकन उत्तर सापडलं नाही आणि त्यांच्या नावावर दहाच गुण लागले.

हेड कोचचा प्रश्नही रास्त आहे: त्यांचे चौघेच आपल्या पाचांना भारी पडले तर? तसं झालं तर माझा सगळा हिशेब कोलमडतो. आमच्या शाळेत निम्मे जायंट्सचे चाहते, निम्मे ईगल्सचे. फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल सगळ्यांना पाठ आहे. फिलाडेल्फियाच्या ईगल्सने ब्लिट्झ न करताच समोरच्या क्वार्टरबॅकला, पॅट्रिक महोम्सला, सहा वेळा पाडलं. मागे सात जण थांबलेले असले की मोकळी जागा कुठे शोधणार? पण शुक्रवारचे प्रतिस्पर्धी तसे नाहीत. त्यांचे चौघे साधे आहेत, म्हणूनच ते सहा पाठवतात. शेवटी ठरतं की आठ जणांचं संरक्षण दोनच कॉलसाठी, लांब पास टाकताना. आणि पहिल्या डाउनला चार यार्ड मिळतील असं काहीतरी खेळायचं. तिसऱ्या डाउनला दोनच यार्ड हवे असतील तर ब्लिट्झ त्यांनाच महागात पडेल.

९.३०

क्वार्टरबॅकचा मेसेज. तिसऱ्या डाउनच्या यादीतले त्याला आवडलेले कॉल त्याने क्रमाने लिहिलेत. माझा सर्वांत लाडका कॉल, रिसीव्हर चिकटून उभे करून दोघांना आडवं पळवायचा, त्याने तळाशी टाकलाय. कारणही दिलंय: त्या रचनेत डाव्या बाजूचा मोकळा माणूस आमच्याच रिसीव्हरच्या आड जातो, त्याला तो दिसत नाही.

मी व्हिडिओवर तपासतो. बरोबर आहे. कॉल काढून टाकतो. त्याच्या जागी स्लॉटचा आत वळणारा छोटा पास, ‘रिंगो’ स्लाइड, डाव्या टोकाचा माणूस मुद्दाम मोकळा. तिसऱ्या डाउनच्या रकान्यात तोच सगळ्यात वर. सेंटरला आणि स्लॉटला तेवढं कळवतो आणि शीट छापायला टाकतो.